नळ दहा दिवस आलाच नाही तर? सोलापूरच्या पिण्याच्या पाण्याचं आपत्कालीन नियोजन

उत्तरकसबा

मंडळी, सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीला पुणे रस्ता बंद झाला, विजापूर रोडही बंद झाला. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची पाळी नव्हती. रात्री जेवताना आई सहज म्हणाली, "उद्या पाणी सोडलंच नाही तर रे?" मी ताटावरून उठून भांडी मोजली. दोनशे लिटरचं पिंप, त्यात जेमतेम निम्मं पाणी. दोन घागरी, एक कळशी, स्वयंपाकघरातला फिल्टर. घरात माणसं सहा. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

आधी आपल्या पाण्याचा पाया बघू. शहराला पाणी तीन ठिकाणांहून येतं. उजनीहून थेट जलवाहिनी पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात येते. भीमेवर टाकळीहून उपसलेलं पाणी सोरेगावला येतं. तिसरा हिप्परगा तलाव, त्याचं पाणी भवानी पेठेतल्या केंद्रात. ऐकायला तीन वाटा आहेत. पण टाकळीला उन्हाळ्यात जे पाणी असतं तेही उजनीतूनच नदीत सोडलेलं, औजच्या बंधाऱ्यात अडवलेलं. म्हणजे तीनपैकी दोन वाटांचं मूळ एकच धरण. उजनीची समांतर जलवाहिनी दिवसाला 17 कोटी लिटरची. तिच्यामुळे पाणी वाढतं, यात वाद नाही. पण नावाप्रमाणेच ती जुनीला समांतर आहे. धरण तेच, आणि मोटारींना वीज लागणारच. शंभर किलोमीटरहून लांब पाइपलाइनला कुठेही धक्का बसला, वीज गेली, नदी गढूळ झाली की आपण थांबलो.

माझा प्रश्न असा आहे: मोठा पूर किंवा भूकंप झाला आणि दहा दिवस नळ आला नाही, तर माणशी किती पाणी, कुठून, कोण आणि कशात देणार? ज्याला जे माहीत आहे ते लिहा. अंदाज नकोत, हातानं केलेलं किंवा डोळ्यानं बघितलेलं हवं.

बाळे_नाका

विषय चांगला काढलात. पण इतकी काळजी का? आपल्या जिल्ह्याला टँकरची सवय आहे. दुष्काळात गावंच्या गावं टँकरवर जगली आहेत. शहरातही टँकर लावतील की.

उत्तरकसबा

दादा, मलाही आधी तसंच वाटायचं. मग हिशोब केला.

आपत्तीत पाणी किती द्यावं याचे आकडे जगभरात मदतकार्य करणारे लोक वापरतात. निव्वळ पिण्यापुरतं माणशी रोज अडीच ते तीन लिटर. पिणं, रांधणं, हातपाय-तोंड धुणं असं सगळं धरून किमान पंधरा लिटर. एरवी शहराचं नियोजन माणशी 135 लिटरवर करतात, पंधरा म्हणजे त्याचा फक्त नववा भाग.

2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या 9,51,558. आज जास्तच असणार, पण तीच धरू. तीन लिटरनं रोजचे साडेअठ्ठावीस लाख लिटर होतात. दहा हजार लिटरच्या टँकरच्या 285 खेपा. पंधरा लिटरनं 1 कोटी 43 लाख लिटर, म्हणजे 1,427 खेपा. एका टँकरनं दिवसात सहा खेपा केल्या, वाटेत रस्ता खुला, डिझेल मिळालं, भरायच्या ठिकाणी वीज आहे असं सगळं जुळलं, तरी 238 टँकर रोज हवेत. निव्वळ पिण्यासाठीसुद्धा 48. आणि दुष्काळात टँकर भरायला कुठेतरी चालू पंप असतो. इथे तोच बंद पडलेला असेल.

टँकर लागतील, नक्की लागतील. पण सगळ्या शहराला टँकरनं पाणी देऊ असं कुणी कागदावर लिहिलं असेल, तर ते नियोजन मला पटत नाही.

पंचगंगेकाठून

मी सध्या जुळे सोलापुरात आहे, माहेर कोल्हापूर. ऑगस्ट 2019 च्या पुरात मी माहेरी होते. उत्तरकसबा दादांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी जगले आहे.

जिकडे बघावं तिकडे पाणी आणि नळ कोरडे. कारण साधं आहे. उपसा केंद्रं नदीकाठीच असणार, आणि पूर आला की पहिली तीच बुडणार. मोटारी, पॅनेल, सगळं पाण्यात. पूर ओसरला म्हणून दुसऱ्या दिवशी नळ येत नाही. मोटार काढायची, वाळवायची, पॅनेल बदलायचं, गाळ काढायचा. आमच्याकडे पूर उतरल्यावरही नळाची वाट बघण्यात दिवस गेले.

दुसरी गोष्ट रस्त्याची. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गच पाण्याखाली होता, ट्रकच्या रांगा अडकून पडलेल्या. बाहेरगावाहून टँकर येतो म्हटलं तरी येणार कुठून? पहिले तीन-चार दिवस आम्ही गल्लीतल्या एका बोअरवर आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीवरच्या टाकीवर काढले. काकूंनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं होतं. सकाळ-संध्याकाळ घरटी दोन कळश्या, त्यांच्या स्वतःच्या घरालाही तेवढंच. त्या वेळी मला ते कुलूप टोचलं होतं. चौथ्या दिवशी त्या टाकीत पाणी शिल्लक होतं ते त्या कुलपामुळेच.

पहिले तीन-चार दिवस बाहेरून कुणी येणार नाही असं धरूनच नियोजन करा.

माळावरचा_उमरगेकर

सोलापूरला भूकंपाचं काय, असं कुणी म्हणायच्या आत लिहितो. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, माणसं दमून झोपलेली. मी तेरा वर्षांचा होतो, आमचं गाव उमरगा तालुक्यात. ते सगळं इथे लिहीत नाही. फक्त पाण्याचं सांगतो.

टँकर आला. कधी आला, कुणी पाठवला ते आठवत नाही. पण तो आला तेव्हा पाणी घ्यायला भांडंच नव्हतं. घागरी, हंडे, बादल्या सगळं दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली. टँकरचा पाइप सोडलेला आणि लोक ओंजळी धरून उभे. माझ्या आजीला ढिगाऱ्यातून एक ॲल्युमिनियमचा डबा सापडला, चेपलेला. मामानं तो दगडानं ठोकून सरळ केला, पण तळाच्या कोपऱ्यातून गळायचा. आजी त्या भोकावर बोट दाबून टँकरपासून झाडापर्यंत चालत यायची. तिथे आम्ही पोरं बसलेलो असायचो. तिचं ते बोट मला आजही दिसतं.

नंतर पाऊस सुरू झाला, मदतही खूप आली. कपड्यांचे ढीग पडले होते. पण ज्या दिवशी सोलापूरहून आलेल्या एका ट्रकमधून झाकणाच्या बादल्या उतरल्या, त्या दिवशी आमच्या घरी पाणी "साठलं". तोवर फक्त पीत होतो.

म्हणून माझं एकच म्हणणं: तुमच्या यादीत पाण्याच्या आधी भांडं लिहा. घरटी दोन तरी, दहा ते वीस लिटरची, झाकणाची, अरुंद तोंडाची. हात बुडवता येणार नाही अशी. आणि ती वॉर्डात कुठेतरी आधीपासून ठेवलेली असावीत.

उत्तरकसबा

दादा, आजींचं वाचून थांबलो होतो. यादीत पहिली ओळ तुमची.

पूर्वभागवाली

मी अशोक चौकाच्या पुढे राहते. आमच्या भागात पाणी चौथ्या दिवशी. बायकांच्या बाजूनं दोन गोष्टी सांगते, कारण पाणी भरणारं माणूस बहुतेक घरात आम्हीच.

पहिली. सगळे म्हणतात सोलापूरकरांकडे साठा असतोच. असतो, पण पाळीच्या दिवशी. चौथ्या दिवशी सकाळी आमची पिंपं खडखडीत असतात, तळ दिसतो. शहर चार भागांत वाटलं असेल तर कुठल्याही दिवशी चौथा हिस्सा शहर रिकाम्या पिंपावर बसलेलं असतं. आपत्ती पाळी बघून येत नाही. त्यामुळे "घरात तीन दिवसांचं पाणी आहे" हे सगळ्या शहराला धरून खरं नाही.

दुसरी. नवीन पाणी आलं की आपण आधीचं "शिळं पाणी" ओतून देतो. माझी सासू, आई, मी, सगळ्या तेच करत आलो. मोरीत धो धो ओतायचं आणि पिंप घासून नवं भरायचं. गेल्या वर्षी आरोग्य केंद्रातल्या ताईंनी समजावलं की झाकलेलं, क्लोरीन असलेलं पाणी चार दिवसांत शिळं होत नाही, हात घातल्यानं खराब होतं. तेव्हापासून मी वीस लिटरचे दोन कॅन वेगळे केलेत. त्यांना रोज कुणी शिवायचं नाही. पाळीच्या दिवशी त्यातलं पाणी धुण्याला वापरते आणि कॅन ताजे भरून परत जागेवर. पाणी वाया जात नाही आणि पाळीच्या आदल्या रात्रीसुद्धा घरात चाळीस लिटर असतं. आम्ही पाच जण. पिण्यापुरतं धरलं तर अडीच दिवसांहून जास्त.

गल्लीत अकरा घरांनी हे सुरू केलंय. बाकीच्यांकडे कॅन ठेवायला जागा नाही. एका खोलीत माग, त्याच खोलीत संसार, तिथे वीस लिटरचा कॅन कुठे ठेवायचा? त्यांचा साठा गल्लीनं ठेवायला हवा. हे कुणीतरी नियोजनात लिहा.

शेळगीकर

सगळं वाचलं. पटतंय. पण राग येतोय, तो लिहितो. साध्या दिवसात चार-चार दिवस थांबायचं आणि वर आपत्तीसाठी आम्हीच कॅन भरून ठेवायचे? आधी रोज पाणी द्या, मग आपत्तीचं बघू.

पूर्वभागवाली

दादा, राग माझाही आहे. रात्री दोन वाजता उठून पाणी भरलंय वर्षानुवर्षं. पण रोजच्या पाण्याची मागणी आणि हे, दोन्ही एकदमच मागूया. कॅन भरले म्हणून मी मागणी सोडलेली नाही.

चावीवाला_काका

मी तेहतीस वर्षं पाणी सोडलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. टाइप मुलगी करतेय, मी सांगालोय.

तुम्ही सगळे पाणी आणायचं बोलताय. मी म्हणतो आहे ते जाऊ देऊ नका. शहरात उंच टाक्या आहेत, जमिनीखालचे संप आहेत. भूकंपात टाकी उभी राहिली तरी खालची मेन फुटली की सगळी टाकी रस्त्यावर रिकामी होते, तासा-दोन तासात. पाणी होतं आणि गेलं, एवढंच हातात राहतं. त्यामुळे धक्का बसला की पहिलं काम टाकीचा औटलेट बंद करायचा. ऑर्डरची वाट बघायची नाही. हे कुणी करायचं, दुसरा कोण, तिसरा कोण, हे नावानिशी ठरलेलं पाहिजे. रात्री साडेतीनला चावी कुणाच्या घरी असते हेही.

आता तुम्ही म्हणाल व्हॉल्व्ह बंद करायला काय लागतं. लागतं. मोठा व्हॉल्व्ह दणादण बंद केला की पाण्याचा दणका मागं येतो आणि चांगला पाइप फुटतो. हळू फिरवायचा, शेवटचे आटे तर अगदी सावकाश. माझ्या भागात एक व्हॉल्व्ह अठ्ठावीस आट्यांचा, त्याच्या पुढचा एकवीसचा. आणि एक उलट्या आट्याचा आहे, तो उजवीकडे फिरवला की उघडतो. नव्या पोराला माहीत नसेल तर तो बंद करायच्या ऐवजी पूर्ण उघडून ठेवणार. मला कळतं कारण माझ्या मनगटाला कळतं. हे कुठल्या कागदावर नाही.

अजून एक. रस्ता नव्यानं केला की चेंबर डांबराखाली जातो. मी असताना एकदा एक चेंबर शोधायला अर्धी रात्र घालवली होती, शेवटी पहारीच्या आवाजावरून सापडला. पोकळ आवाज आला तिथे खणलं.

उत्तरकसबा

काका, नमस्कार करतो. हे तुमच्या डोक्यात आहे तोवर लिहून घ्यायला हवं. तुमची हरकत नसेल तर या रविवारी वही घेऊन येऊ का? तुमच्या भागातले व्हॉल्व्ह चालत दाखवा. कुठे, किती आट्यांचा, कुठल्या बाजूला बंद होतो, कुठली टाकी धरून ठेवतो. हात लावायचा नाही, फक्त नोंद. ती रीतसर पाणी खात्याकडे देऊ.

चावीवाला_काका

या की. सकाळी सातला या, नंतर ऊन होतं.

काळी_माती_काळा_दगड

मी भूजलाचा अभ्यास करतोय. धाग्यात विहिरींचा विषय अजून आला नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

सोलापूरच्या जुन्या पेठांत, वाड्यांत आणि जुन्या गिरण्यांच्या आवारात विहिरी आहेत. पुष्कळशा बुजवल्या, काहींत कचरा टाकला, काहींवर स्लॅब पडला. ज्या उरल्यात त्या आपत्तीत सोन्यासारख्या आहेत. कारण विहिरीला उजनी लागत नाही, आणि रहाट किंवा साधा डिझेल पंप असेल तर वीजही लागत नाही. बोअर मात्र बहुतेक विजेवर आहेत. म्हणून हापसे दुरुस्त असणं फार महत्त्वाचं. मानक असं आहे की एका हापशावर पाचशे माणसं, उघड्या विहिरीवर चारशे, आणि एका नळाच्या तोटीवर अडीचशे.

पण इथे एक सावधगिरी. शहराखालचा काळा पाषाण भेगांचा आहे आणि त्या भेगांतून गटाराचं पाणी खाली झिरपतं. त्यामुळे शहरातल्या उथळ विहिरींत आणि बोअरमध्ये नायट्रेट जास्त सापडू शकतं, क्षारही. क्लोरीननं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उकळूनही जात नाही. उलट आटलं की वाढतं. मोठ्या माणसानं दहा दिवस असं पाणी प्यायलं तर फार बिघडत नाही, पण वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते देऊ नये. म्हणून आत्ताच, शांत वेळेत, प्रत्येक विहिरीचं पाणी तपासून दोन रंग द्यावेत असं मला वाटतं. निळा रंग पिण्यासाठी, क्लोरीन घालून. लाल रंग फक्त वापरायला. लाल विहीरसुद्धा उपयोगाचीच. संडास-धुणं तिच्यावर भागलं की टाकीतलं पाणी पिण्याला उरतं.

निर्जंतुकीकरणाची पद्धत सांगतो. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्या, व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 0.785, म्हणजे घनफूट. त्याला 28.3 नं गुणलं की लिटर. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल. ती थेट विहिरीत भिरकावू नका. आधी बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग बादली तीन चतुर्थांश भरून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, तीच बादली दोरानं विहिरीत सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा. चुना विहिरीत टाकला तर पाणी उगीच जड होतं. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी. पिवळा रंग आला पाहिजे, लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅमच्या पट्ट्यात. रंग नाही आला तर पुन्हा डोस. पुरात बुडालेली विहीर असेल तर हे पुरेसं नाही, ती आधी पूर्ण उपसायची, गाळ काढायचा, मग जास्त डोस.

पावडर उघडी ठेवली की तिचा क्लोरीन उडून जातो, हेही लक्षात असू द्या. साठवलेलं पोतं पाच वर्षांपूर्वीचं असेल तर तो नुसता चुना समजा. गढूळ पाण्यातही क्लोरीन नीट काम करत नाही. आधी तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, मग क्लोरीन.

बाळे_नाका

थंड पाण्याचे जार देणारे प्लांट गल्लोगल्ली आहेत. ते कामाला येतील का?

काळी_माती_काळा_दगड

वीज असेल आणि बोअरला पाणी असेल तर येतील. पण जारच्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो. स्वच्छ निघालेलं पाणी अस्वच्छ जारमध्ये दोन दिवसांत खराब होऊ शकतं. त्यांना यादीत घ्या, पण जार भरताना क्लोरीनचा डोस देण्याची अट घालून.

तिसऱ्या_पाळीची_सिस्टर

मी डायलिसिस विभागात काम करते. सगळ्यांनी माणशी पंधरा लिटर लिहिलंय. रुग्णालयाचा हिशोब वेगळा आहे, तो विसरू नका. भरती असलेल्या रुग्णामागे रोज 40 ते 60 लिटर धरावे लागतात. डायलिसिसच्या चार तासांच्या एका बैठकीला मशीनमधून जवळजवळ 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं. ते शुद्ध करताना वाया जाणारं धरलं तर नळाचं त्याहून बरंच जास्त लागतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा येणारा माणूस आहे हा. त्याला दहा दिवस थांबा म्हणता येत नाही.

माझ्या पूर्वीच्या नोकरीत एकदा दुपारी टाकी संपली आणि टँकर वाटेत अडकला. एक आजोबा मशीनवर होते, दीड तास झालेला. बैठक तिथेच थांबवावी लागली. त्यांनी मला विचारलं, "उरलेलं उद्या करताय ना?" मी हो म्हणाले, पण उद्या पाणी येईल की नाही हे मला तरी कुठे माहीत होतं.

टँकरची पहिली खेप कुठे जाणार हे भांडण सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा. आणि टँकरमधून आलेल्या पाण्यातला क्लोरीन डायलिसिसच्या आधी काढावाच लागतो, नाहीतर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात. तुम्ही जास्त डोस घातलेलं पाणी पाठवणार असाल तर रुग्णालयाला आधी कळवा. एक फोन पुरे.

काळी_माती_काळा_दगड

सिस्टर, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नोंद केली: रुग्णालयाच्या टँकरवर डोस लिहिलेली चिठ्ठी.

बाळे_नाका

मी सुरुवातीला टँकर टँकर केलं, ते मागे घेतो. पण टँकरवर माझं पोट आहे, मेव्हण्याबरोबर दोन गाड्या चालवतो, म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो.

टँकरचा वेळ रस्त्यात जात नाही, वाटपात जातो. पाइप सोडला की झुंबड. दहा हजार लिटर संपायला दोन-अडीच तास, तेवढा वेळ गाडी उभी. भांडणं वेगळी, सांडतं ते वेगळं, आणि जोर ज्याचा त्याचं पाणी. त्याऐवजी चौकात पाच हजार लिटरची प्लास्टिकची टाकी चौथऱ्यावर बसवा, खाली आडव्या पाइपला सहा तोट्या. टँकरनं यायचं, वीस मिनिटांत ओतायचं आणि निघायचं. मग दिवसात सहा काय, आठ खेपाही होतील. शाळांची पटांगणं याला चांगली. आत कुंपण असतं, सावली असते, आणि पोरांसाठी तोट्या आधीच बसवलेल्या असतात.

उत्तरकसबा

तुमच्या सहा तोट्यांचा हिशोब केला. तोटीमागे अडीचशे माणसं म्हणजे एका टाकीवर दीड हजार. माणशी पंधरा लिटरनं साडेबावीस हजार लिटर, म्हणजे टाकी दिवसात साडेचार वेळा भरायची. मिनिटाला साडेसात लिटरची धार धरली तर तोटी आठ तास वीस मिनिटं चालू राहील. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, मधे थोडी उसंत. जमण्यासारखं आहे. सगळ्या शहराला अशा 635 टाक्या लागतील. पण ज्या सोसायट्यांत संप आणि स्वतःचं बोअर आहे त्या वजा केल्या की आकडा बराच उतरतो. सुरुवात दाट वस्तीपासून करावी.

पंचगंगेकाठून

टाकीपासून घर पाचशे मीटरच्या आत हवं, असं मानक आहे ना? वीस लिटरचा कॅन वीस किलोचा. आमच्या अपार्टमेंटमध्ये चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. लिफ्ट बंद. त्यांना पाचशे मीटर आणि चार जिने कसे जमणार? दहा लिटरचे कॅन ठेवा, आणि प्रत्येक टाकीवर अशा घरांची यादी. पाणी वाटणाऱ्यानं दिवसाची सुरुवात त्या यादीपासून करायची.

शेळगीकर

रेल्वेचं काय? लातूरला 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी गेली होती. आपल्या कुर्डुवाडीवरूनच तर गेली.

माळावरचा_उमरगेकर

गेली, बार्शीवरून पुढे. पहिली गाडी 12 एप्रिल 2016 ला लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, 25 लाख लिटरची. वर उत्तरकसबा दादांनी काढलेला सोलापूरचा निव्वळ पिण्याचा आकडा साडेअठ्ठावीस लाख. म्हणजे ती पूर्ण भरलेली गाडी रोज आली तरी सगळ्या शहराला तीन-तीन लिटरसुद्धा पुरत नाही. आणि त्या वाघिणी राजस्थानात कोट्याला धुवून आणल्या होत्या, मिरजेला भरायची सोय करावी लागली होती. दुष्काळ हळू येतो म्हणून ते जमलं. गाडी आठवड्यानंतरच्या दिवसांसाठी धरा.

जपानात कोबे शहराला 17 जानेवारी 1995 ला भूकंप झाला. एवढा श्रीमंत देश, तरी सगळीकडे नळ पूर्ववत व्हायला साधारण तीन महिने गेले. टोकियोत आता साधारण दोन किलोमीटरच्या आत पाणी मिळेल अशी ठिकाणं ठरवून ठेवली आहेत, काही तर बागेखालच्या टाक्या. लोकांना ती आधीपासून माहीत असतात. आपल्याकडे किती जणांना सांगता येईल की नळ बंद पडला तर आपल्याला कुठल्या चौकात जायचंय?

पूर्वभागवाली

हे सगळं द्यायचं कुणाकडे? धाग्यात राहिलं तर उपयोग नाही.

उत्तरकसबा

ताई, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरण असतं, जिल्हाधिकारी अध्यक्ष. 2025 च्या दुरुस्तीत महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण नेमण्याची तरतूद आली आहे. दोन्हीकडे लेखी देऊ. पण हातात आकडे घेऊन जाऊ. "काहीतरी करा" असा अर्ज घेऊन नाही. एका पेठेचं पूर्ण काम करून दाखवलं तर बाकीच्यांसाठी नमुना होईल. मी उत्तर कसब्यापासून सुरू करतो, आमच्या वाड्याची विहीर पहिली.

उत्तरकसबा

रविवारचं सांगतो.

सकाळी सातला काकांकडे गेलो, सोबत शेळगीकर आणि भूजलवाले. काका छत्री आणि खडू घेऊन तयार होते. अडीच तासांत चौदा व्हॉल्व्ह नोंदवले. त्यातले दोन डांबराखाली आहेत. काकांनी पायानं दाबून जागा दाखवली, तिथे खडूनं फुली मारून फोटो घेतले, शेजारच्या विजेच्या खांबापासून पावलं मोजली. उलट्या आट्याचा व्हॉल्व्ह वहीत लाल शाईनं लिहिलाय. त्याच्याजवळ काका जरा वेळ थांबले. म्हणाले, यानं मला पहिल्या वर्षी फसवलं होतं.

मग आमची विहीर. व्यास 12 फूट, दोराला दगड बांधून खोली मोजली, पाणी 15 फूट. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार लिटरच्या आसपास. माणशी पंधरा लिटरनं बत्तीसशे माणसांचं एका दिवसाचं पाणी, रोजचा पाझर वेगळा. इतकी वर्षं आम्ही त्यात निर्माल्य टाकत होतो. आईनं स्वतः जाळी बसवायला सांगितली आहे.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिलाय, नायट्रेटचा अहवाल आल्याशिवाय निळा रंग देणार नाही. सराव म्हणून 120 ग्रॅम पावडर दोन बादल्यांत कालवून, निवळून सोडली. अर्ध्या तासानं ओटी केली, रंग आलाच नाही. भूजलवाले म्हणाले पावडर जुनी असणार. दुकानदाराकडून नवं पाकीट आणलं, पुन्हा तेच सगळं केलं. या वेळी नळीत फिकट पिवळा रंग उतरला. आई, काका आणि वाड्यातली सगळी पोरं ती नळी उजेडात धरून बघत होती.

पुढच्या रविवारी साखर पेठ. तिथल्या दोन विहिरी आणि एक बंद हापसा बघायचाय. हापशाचा वायसर बदलता येणारं कुणी असेल तर कळवा. काका येतो म्हणालेत. टेप, दोर आणि पावडर माझ्याकडे आहे.

पूर्वभागवाली

हापसा माझा भाऊ दुरुस्त करतो. त्याला घेऊन येते. आणि कॅन ठेवायला जागा नसलेल्या घरांची यादी झाली, आमच्या गल्लीत सतरा घरं.